रजईचे चार बंद

सकाळी सव्वापाच वाजता दीपालीने खोलीतला दिवा लावला, तेव्हा आम्ही दोघंही फरशीवर होतो. तो नवा गुळगुळीत कम्फर्टर पूर्ण खाली आणि मी जवळजवळ पूर्ण. माझा एक कोपरा तेवढा पलंगावर राहिला होता, कारण तो प्रमिलाबाईंनी डाव्या मुठीत धरून ठेवला होता. त्यांच्या अंगावर गाऊन आणि स्वेटर होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत उघडा पडला होता. डोळे उघडे होते. दीपालीने सासूच्या कपाळाला हात लावला, मग पायाला लावला आणि नवऱ्याला हाक मारली.

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. पांढुर्ण्याच्या एका घरात माझं सगळं आयुष्य गेलं. रजईने आपली कहाणी प्रेमाने, हळुवारपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. ती मी पूर्ण करू शकणार नाही. मला राग आला आहे. पण रागात सांगितलं तरी खोटं सांगणार नाही. जे झालं ते, आणि ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने सांगेन.

माझ्या पोटातला कापूस सौसरकडचा आहे. प्रमिलाबाईंच्या माहेरच्या शेतात तो पिकला आणि लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत पांढुर्ण्याला आला. त्यांचे यजमान मधुकरराव मंडीत नोकरीला होते. त्यांनी पिंजाऱ्याला घरी बोलावलं. त्याने अंगणात पिंजण लावली, तिच्या ताणलेल्या तांतीवर कापूस नाचवला आणि दुपारपर्यंत अंगण, जास्वंदीचं झाड, खाटेवरचे पापड, सगळं पांढरं करून टाकलं. मग त्याने जाड छिटाच्या दोन कापडांमध्ये तो कापूस पसरला आणि दाभणाने आडवे-उभे डोरे, म्हणजे जाड दोऱ्याचे टाके, घातले. डोरे घट्ट होते. म्हणून माझा कापूस आजही एका बाजूला गोळा होत नाही.

माझं कापड खरबरीत आहे. पुढे याच खरबरीतपणावरून मला नावं ठेवण्यात आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. खरबरीत कापड चादरीला धरून राहतं, अंगातल्या कपड्याला धरून राहतं. माणूस कुशीवर वळला तर त्याच्याबरोबर वळतं. अंथरुणावर पांघरूण टिकतं ते या पकडीमुळे आणि वजनामुळे. यात काही जादू नाही.

आणि तरीही प्रवीण लहान असताना मला लाथाडायचाच. तो या घरातला थोरला मुलगा. झोपेत इतके पाय झाडायचा की मी रोज पलंगाच्या पायथ्याशी गोळा झालेली असायची आणि हा पोटाशी पाय घेऊन कुडकुडत पडलेला. प्रमिलाबाई तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. एका रविवारी त्यांनी आपलं जुनं सुती पातळ फाडलं, त्याच्या पट्ट्या दुमडून चार बंद शिवले आणि माझ्या चार कोपऱ्यांना लावले. लोखंडी पलंगाच्या चार पायांना ते बंद बांधायचे, पण सैल. आतलं पोर वळू शकेल, हातपाय हलवू शकेल, पण मला खाली पाडू शकणार नाही, इतके सैल.

मधुकररावांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "शाळेत पोट्टे बांधता येत नाहीत, म्हणून घरी बांधून राहिली का?"

"पोट्ट्याले कुठी बांधलं? रजईले बांधलं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

प्रवीणनंतर शीतल आली. तीही त्याच चार बंदांखाली वाढली. दोन्ही मुलं थंडीत कधी आजारी पडली नाहीत असं मी म्हणणार नाही. सर्दी व्हायची, ताप यायचा. पण उघड्यावर पडल्यामुळे कधी नाही. शेजारणी येऊन बंद पाहून गेल्या आणि आपापल्या घरच्या रजयांना तसेच लावून घेतले. रामाकोन्याहून पाहुणे आले की विचारायचे, "ती मास्तरणीची रजई कोठी आहे?" त्या वर्षांत मला मान होता.

मग घरात ब्लँकेटं आली. हलकी, रंगीत, वाघाच्या आणि गुलाबाच्या चित्रांची. ती बादलीत बुडवून धुता येत. मला धुता येत नाही, फक्त ऊन देता येतं, आणि ऊन द्यायला गच्चीवर न्यावं लागतं. मला उचलायला दोन माणसं लागतात. हळूहळू ती दोन माणसं एकाच वेळी मोकळी मिळेनाशी झाली. प्रवीणच्या लग्नात माझ्यावर स्वयंपाकाची भांडी ठेवली होती. एका बाजूला तेलाचा डाग पडला, तो आजही आहे. त्यानंतर मला डांबरगोळ्या घालून पत्र्याच्या पेटीत बंद केलं. मधुकरराव गेले तेव्हाही मी पेटीतच होते. रडण्याचा आवाज आला, म्हणून कळलं.

इथवरचं आयुष्य कुठल्याही जुन्या रजईचं असतं. त्याबद्दल मला राग नाही.

गेल्या वर्षी प्रमिलाबाईंना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली. बोलणं कळतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. वर्गात एका आवाजात पन्नास पोरांना गप्प करणारी बाई आता "पाणी" म्हणायला दोनदा तोंड उघडते. डोकं मात्र जसंच्या तसं आहे, आणि टोमणेही.

घरात तीनच माणसं. प्रवीण पांढुर्ण्यातच सरकारी कार्यालयात आहे. तालुक्याचा जिल्हा झाल्यापासून त्याचं काम वाढलं आहे, घरी यायला उशीर होतो. दीपाली तिगावच्या शाळेत शिकवते. तिला पहाटे उठून डबे, सासूचं आंघोळपाणी, औषधं उरकून निघावं लागतं. दिवसा एक बाई येऊन बसते. रात्री प्रमिलाबाई एकट्या झोपतात. उशाशी बिनतारी घंटीचं बटण ठेवलं आहे. दाबलं की नवरा-बायकोच्या खोलीत वाजतं.

हे बटण प्रमिलाबाईंना आवडत नाही. का, ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुनेला सांगितलं. "तू दिवसभर पोट्ट्यांमागे... अन् रात्री माह्यामागे? मी... नाही दाबणार. रात्री एकदा झोपलं... तं सकाळीच उठाचं. दोघीईनं."

मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. त्या बाईला औषध मागायचं नव्हतं, की सोबत मागायची नव्हती. तिला फक्त कोणाला न उठवता सकाळपर्यंत पांघरुणात राहायचं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या हातून जेवणाऱ्या, दुसऱ्याच्या हातून आंघोळ करणाऱ्या माणसाकडे रात्र तेवढी स्वतःची उरली होती.

थंडी सुरू झाली तशी ब्लँकेटं घसरू लागली. त्याचं कारण असं: लकवा झालेल्या बाजूला जाणीव कमी असते. पांघरूण त्या बाजूने हळूहळू सरकतं आणि माणसाला कळत नाही. कळतं तेव्हा ते अर्धं जमिनीवर गेलेलं असतं, आणि ओढून घ्यायला एकच हात असतो, तोही उलट्या बाजूचा.

शीतल नागपूरला असते. भावाने फोनवर हे सांगितलं आणि तिने त्याच संध्याकाळी मोबाईलवर एक कम्फर्टर मागवला. राखाडी रंगाचा, साटिनसारखा चमकणारा, फुगीर. मोठ्या पिशवीत दाबून आला होता. पिशवी उघडल्याबरोबर श्वास घेतल्यासारखा वर आला. शीतल व्हिडिओ कॉलवर होती.

"आई, किती मस्त दिसून राहिला गं! हॉटेलसारखा. हजारो लोकांनी चांगला म्हटलंय याले."

प्रमिलाबाईंनी डाव्या हाताने त्याच्यावरून बोटं फिरवली. "दिसते छान," त्या म्हणाल्या. "पांघरू... का पाहत बसू?"

शीतल हसली. तिला वाटलं आई खूश आहे.

तो कम्फर्टर उबदार होता, हे मी मान्य करते. पण त्याला ना वजन होतं, ना पकड. प्रमिलाबाईंनी नुसता डावा पाय हलवला तरी तो पाण्यासारखा वाहत खाली जायचा. फोटोत तो कोऱ्या पलंगावर पसरलेला होता. त्या पलंगावर माणूस नव्हता. हजारो लोकांनी चांगला म्हटलं, त्यांतल्या किती जणांचा एक हात बंद होता, हे कोणी विचारलं नाही. या घरात जी गोष्ट घ्यायची होती तिचं नाव ऊब नव्हतं, रंग तर मुळीच नव्हतं. जाग्यावर राहणारं पांघरूण हवं होतं. आणि जाग्यावर राहतं का, एवढं सोडून बाकी सगळं पाहिलं गेलं.

मग उपाय सुरू झाले. दीपालीने कडा गादीखाली खोचल्या. त्याने पायाचे अंगठे दाबले गेले, प्रमिलाबाईंच्या सुजलेल्या पावलांना ते सहन होईना. दोन सेफ्टी पिना लावल्या, तर गुळगुळीत कापड तिथे उसवलं. एका संध्याकाळी प्रवीण दोरीवरचे कपड्यांचे चिमटे घेऊन आला आणि कम्फर्टरच्या कडा चादरीला लावू लागला.

प्रमिलाबाई बघत होत्या. म्हणाल्या, "काऊन रे... मले वाळू घालून राहिला का?"

दीपाली इतकी हसली की तिच्या हातातली औषधाची वाटी सांडली. प्रवीणही हसला. ते हसणं संपल्यावर प्रमिलाबाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "पेटी उघड."

"पेटीत काय आहे आई?"

"रजई. बंदवाली."

मला बाहेर काढलं तेव्हा डांबरगोळ्यांचा वास दारापर्यंत गेला. दीपालीने नाक दाबलं. पण मला उचलायला दुसरं माणूस लागतं म्हणून थांबली नाही. एकटीने ओढत, पायरी-पायरीवर टेकवत गच्चीवर नेलं, दोन दिवस ऊन दिलं, काठीने झोडपलं. तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला पलंगावर पसरलं, आणि प्रमिलाबाईंनी डाव्या हाताच्या खुणांनी तिला बंद कसे बांधायचे ते दाखवलं. पायाकडचे आधी. डोक्याकडचे जास्त सैल. उजव्या बाजूला थोडा झोळ जास्त.

सकाळी दीपाली चहा घेऊन आली तेव्हा मी जिथे होते तिथेच होते.

"हललीच नाही!" ती म्हणाली.

"मी हलली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "थे... नाही हलली."

त्यानंतर बरेच दिवस असेच गेले. घंटी वाजली नाही. दीपालीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं थोडी कमी झाली, असं दिवसा येणारी बाई म्हणाली. कम्फर्टर घडी होऊन कपाटात गेला. फोनवर शीतलला कोणी हे सांगितलं नाही. तिने विचारलं की "हो, हो, वापरून राहिले" म्हणायचे. हे खोटं लहान होतं, पण पुढे त्याने आपलं काम केलं.

संक्रांतीनंतर वच्छलाबाई आल्या. या मधुकररावांच्या थोरल्या बहीण, म्हणजे प्रवीणच्या आत्या. रामाकोन्याला असतात. मनाने वाईट नाहीत. येताना घरच्या तुरीची डाळ आणि बोरं घेऊन आल्या. "जय भीम" म्हणत दारातून आत आल्या आणि भावजयीच्या खोलीत पाय ठेवताच थबकल्या. शेजारची एक बाईही त्यांच्यामागून आत आली होती. सकाळची वेळ होती, माझे बंद अजून सोडलेले नव्हते.

"अवं माय!" वच्छलाबाईंनी गालाला हात लावला. "जित्या माणसाले चारी कोपऱ्यांनी बांधलं? तिरडीवर बांधते तसं?"

शेजारीण हसली. मग हसू नये असं वाटून खोकली.

"ताई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मले... नाही. रजईले."

"पाहणाऱ्याले ते का समजते?"

प्रवीण तिथेच होता. "आत्या, आपण कधीपासून शकुन-अपशकुन मानाले लागलो? आजोबानं तं घरातले गंडेदोरे काढून जाळले होते. तूच सांगत असते."

"मी कुठी मानते बापा? मी लोकाईचं सांगून राहिली." वच्छलाबाई पलंगावर टेकल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या, पण मी तिथेच होते, मला ऐकू आलं. "आज ही पाहून गेली. उद्या गावभर होते. मास्तरणीले पोट्ट्यानं अन् सुनेनं पलंगाले बांधून ठेवलं म्हणतीन. तू सरकारी माणूस. हा मोबाईलवाला जमाना आहे, कोणी फोटो काढला तं?"

प्रवीणने पलंगाच्या पायावरच्या गाठीकडे पाहिलं. मी त्याचा चेहरा पाहिला. तिरडीचं त्याला काही वाटलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. वाटलं ते पुढच्या वाक्याचं. आईला बांधून ठेवणारा मुलगा.

ज्या घराने भुताखेतांना, नजरेला, अमावस्येला दारात उभं केलं नाही, ते घर शेजारणीच्या एका हसण्याला घाबरलं. देवऋषी आला असता तर त्याला या पोराने हाकलून दिलं असतं. लोक काय म्हणतील, हा विचार मात्र न बोलावता आला आणि कोणी त्याला हाकललं नाही. माझा राग इथे सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वच्छलाबाई परत गेल्या होत्या. दीपाली बाजारात गेली होती. प्रमिलाबाईंना अंगणात खुर्चीवर उन्हात बसवलं होतं. प्रवीण खोलीत आला. त्याने आधी एक गाठ सोडवून पाहिली. बंद जुना होता, गाठ बसलेली होती, सुटली नाही. त्याने कपाटातून कात्री आणली. पायाकडचे दोन, मग डोक्याकडचे दोन. पलंगाकडून कापले असते तर निदान पुन्हा काही जोडता आलं असतं. त्याने माझ्या कोपऱ्यांपाशी, अगदी मुळाशी कापले. मग पलंगाच्या पायांवर राहिलेल्या गाठीही कात्रीने उडवल्या आणि सगळ्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मी हे सांगताना थांबते, कारण मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. अंगण खोलीपासून दहा पावलांवर आहे. खुर्चीवरची बाई जागी होती. तिला कळत होतं. तिला विचारायला काय झालं होतं?

संध्याकाळी प्रमिलाबाईंना आत आणलं, पलंगावर बसवलं. त्यांनी माझा कोपरा चाचपला. मग दुसरा.

"बंद कोठी?"

"काढून टाकले आई." प्रवीण खिडकी लावत होता, त्याने वळून पाहिलं नाही. "लोक बोलून राहिले होते. बरं नाही दिसत."

"कोणाले... बरं नाही दिसत?"

"आई, तू समजून घे ना. तुह्यासाठीच करून राहिलो."

"माह्यासाठी." त्यांना पुढचा शब्द सापडेना. तोंड उघडलं, मिटलं. डावा हात माझ्यावर आपटला. दीपाली दारात उभी होती, हातात भाजीची पिशवी. तिला तेव्हाच कळलं. "मी... मेली का रे?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "मले... विचाराचं होतं."

"तुम्ही कापले?" दीपालीने नवऱ्याला विचारलं. "कात्रीनं?"

"मंग का दातानं?" प्रवीण चिडला. घरात चुकलेला माणूस असाच बोलतो. "दोन्ही टाकू ना अंगावर. शीतलचा कम्फर्टर खाली, रजई वर. हिचं वजन त्याले धरून ठेवते. गरमही राहते. शीतल रोज विचारून राहिली, तिलेही बरं वाटेल. एवढं का त्यात?"

दीपाली म्हणाली, "मी नवीन बंद शिवते."

"काही शिवू नको. लोकाईले तमाशा दाखवाचा आहे का?"

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्या शाळेतली मुलं सांगतील, बाई रागावल्या की ओरडायच्या, आणि फार रागावल्या की गप्प व्हायच्या.

आता प्रवीणने केलं काय, ते साध्या शब्दांत सांगते. गुळगुळीत कापडावर त्याने माझं वजन ठेवलं. माझी पकड चादरीवर चालते, स्वेटरवर चालते. साटिनवर चालत नाही. माझं वजन त्या कम्फर्टरला धरून ठेवणार नव्हतं, ओढून नेणार होतं. हे कळायला शाळेत जावं लागत नाही. ओल्या फरशीवर पोतं ठेवून पाहा.

रात्रीचं मी सविस्तर सांगणार नाही. आम्ही उजवीकडून घसरलो. त्यांना उशिरा कळलं. त्यांनी डाव्या हाताने माझा कोपरा पकडला आणि ओढला, आणि तो सुटू दिला नाही. घंटीचं बटण उशाशी होतं. त्यांनी ते दाबलं नाही. दाबता आलं नाही की दाबायचं नव्हतं, हे मला माहीत नाही. मुलाशी भांडण झालेल्या आईने मध्यरात्री त्याला हाक मारावी की नाही, याचा निकाल मी देणार नाही. पण तिच्यावर ती वेळ कोणी आणली, एवढं मला माहीत आहे.

पहाटे तुम्ही सुरुवातीला ऐकलं तसं झालं. दीपालीने माझा कोपरा सासूच्या मुठीतून सोडवायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. तिने ती आपल्या दोन्ही हातांत धरून एकेक करून उघडली. प्रवीण दारात उभा होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लोकाईले बोलवा आता. म्हणा, पाहून जा, कशी बांधली नाही आम्ही."

त्यानंतर घाई झाली. ताप होता, श्वासाला घरघर होती. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि नागपूरला न्या म्हणाले. गाडी आली. प्रमिलाबाईंना चादरीत घेऊन नेलं. प्रवीण बरोबर गेला, दीपाली घरी राहिली. मला कोणी उचललं नाही.

पुढचं मी घरातून ऐकलं आहे, दीपालीचा फोन स्पीकरवर होता म्हणून. छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला आहे. शीतलने नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं, रात्री पांघरूण पडलं त्याने झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. लकव्याच्या रोग्याला असं होऊ शकतं, कफ आधीपासून असेल. मीही थंडीनेच झालं असं म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मी एवढंच म्हणते की त्या बाईने सकाळपर्यंत पांघरुणात राहायला मागितलं होतं, आणि तेवढंही तिला मिळालं नाही.

दवाखान्यातून बोलता बोलता, फोन चालू असतानाच प्रवीण बहिणीशीही भांडला. "तुह्या त्या चिकन्या रजईनं झालं सगळं," तो म्हणाला. शीतल रडत म्हणाली, "तू तं म्हणत होता, रोज वापरून राहिले, चांगला आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, घसरते म्हणून, तं मी वापस नसता केला?" 

त्या कम्फर्टरवर माझा राग नाही. तो जसा बनवला तसा आहे. वच्छलाबाईंवरही फार नाही. त्यांनी फोन करून विचारलं, रडल्या, बोरं आवडतात म्हणून पुन्हा पाठवते म्हणाल्या. माझा राग प्रवीणवर आहे, आणि तो कमी होत नाही. हा मुलगा वाईट नाही, आईची सेवा करतो, तिची लघवीची भांडी त्याने स्वतः धुतली आहेत. म्हणूनच राग जास्त आहे. जो सगळं करतो त्याला वाटू लागतं की आता विचारायची गरज नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काही मागतात, तसं मीही मागते. मला जपा असं मी म्हणत नाही. मी फाटेन, माझा कापूस दुसऱ्या कोणाच्या उशीत जाईल, ते होऊ द्या. पण आजारी माणसासाठी पांघरूण निवडायचं असेल तर फोटो पाहू नका, पाहुण्यांना विचारू नका, गल्लीला तर मुळीच विचारू नका. जो त्याखाली झोपणार आहे त्याच्या अंगावर ते टाका, त्याला कुशीवर वळू द्या, आणि सकाळी त्यालाच विचारा. त्याला बोलायला वेळ लागत असेल तर तेवढा वेळ थांबा.

आज मंगळवार. दुपारी दीपालीने तिगावच्या शाळेतून सुट्टी घेतली. ती मला गुंडाळून, दोरीने बांधून दाराशी ठेवून बसली आहे. संध्याकाळच्या गाडीने ती नागपूरला जाणार आहे. चार वाजता प्रवीणचा फोन आला. ऑक्सिजन चालू आहे, ताप थोडा उतरला आहे, आई डोळे उघडते पण बोलत नाही, असं त्याने सांगितलं. वॉर्डात थंडी आहे, तिथलं ब्लँकेट पातळ आहे आणि आई डाव्या हाताने ते सारखं वर ओढते आहे.

"मी रजई घेऊन येऊन राहिली," दीपाली म्हणाली.

 तो म्हणाला की घरचं पांघरूण वॉर्डात आत घेऊ देतात का, ते नर्सला विचारतो आणि सांगतो.

अजून त्याचा फोन आलेला नाही.